सर्कशीची कादंबरी कशी वाचावी

ऐतिहासिक प्रणयकथेचीं दोन अंगें असतात; एक प्रीतीचें व दुसरें काळाचें. तरुण वाचक बहुधा पहिल्यामागें धांवतो आणि दुसऱ्याचीं पानें भराभर उलटतो. असें केल्यानें काय हातचें जातें, हें दाखविण्यासाठीं सारा ग्रुएन या लेखिकेची २००६ सालीं प्रसिद्ध झालेली ‘वॉटर फॉर एलिफंट्स’, म्हणजे ‘हत्तींसाठीं पाणी’, ही इंग्रजी कादंबरी आम्ही येथें घेतों.

कथानक मुख्यतः १९३१ सालच्या अमेरिकेंतलें आहे. १९२९ सालीं तेथील शेअरबाजार कोसळला होता. त्यानंतर कारखाने बंद पडले व पेढ्या बुडाल्या. कॉर्नेल विद्यापीठांत पशुवैद्यक शिकणारा जेकब आईबाप अपघातांत वारल्यामुळें निराधार होतो व रात्रीं एका धांवत्या आगगाडीवर चढतो. ती गाडी बेन्झिनी बंधूंच्या सर्कशीची निघते. तेथें घोड्यांचे खेळ करणारी मार्लेना, तिचा क्रूर पति ऑगस्ट व कोणाचीच आज्ञा न मानणारी रोझी नांवाची हत्तीण त्यास भेटतात. जेकब व मार्लेना यांच्या प्रीतीचें पुढें काय होतें, तें वाचकांनीं स्वतःच पाहावें.

आतां दुसरें अंग. ही सर्कस काल्पनिक आहे. परंतु तिच्यांतील दुःखें काल्पनिक नाहींत. खुंटे ठोकणारे व तंबू उभारणारे मजूर खेळाडूंच्या पंक्तीस बसत नसत. धंदा बसला कीं त्यांचा पगार थके, आणि नकोसा झालेला मनुष्य चालत्या गाडींतून अंधारांत ढकलला जाई. अमेरिकेंत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती, म्हणून गरीब लोक आल्याचा औषधी अर्क पीत. १९३० सालीं त्यांत विषारी द्रव्याची भेसळ झाली व हजारोंचे पाय लुळे पडले. कादंबरींतील कॅमल नांवाचा म्हातारा मजूर त्यांपैकींच एक होय.

रोझीस ऑगस्ट मूर्ख ठरवितो व अंकुशानें निर्दयपणें मारतो. पुढें पोलिश कुळांत जन्मलेल्या जेकबच्या ध्यानांत येतें कीं, तिला केवळ पोलिश भाषा समजते. कथेचें मर्म आम्हांस येथेंच दिसतें. ज्यास आपण मूढ म्हणतों, त्याची भाषाच पुष्कळदां आपणांस येत नसते. ही गोष्ट आम्हां शिक्षकांनीं तर कधींच विसरूं नये.

म्हणून अशी कथा दोनदां वाचावी. पहिल्या वेळीं खुशाल प्रीतीमागें जावें. दुसऱ्या वेळीं, दिव्यांनीं झगमगणारा तो तंबू कोणाच्या पाठीवर उभा होता, हें शोधावें, व जें खरें वाटेल तें इतिहासाच्या पुस्तकांशीं ताडून पाहावें. या कादंबरींत रिंगलिंग बंधूंच्या सर्कशीचें नांव वारंवार येतें. ती सर्कस मात्र खरीखुरी. तिनें २०१६ सालीं हत्तींचे खेळ कायमचे बंद केले. असें कां झालें, हें रोझीची कथा नीट वाचलेल्या विद्यार्थ्यास निराळें सांगावें लागणार नाहीं.