साखर एकाला, पथ्य साऱ्या घराला



गेल्या पावसाळ्यात खुरपताना आमच्या गटातल्या एका ताईंच्या पायात काटा मोडला. त्यांनी हळद भरली, चिंधी बांधली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रान गाठलं. महिना झाला तरी जखम भरेना. दवाखान्यात रक्त तपासलं, तर साखर तीनशेच्या वर. पाय वाचला, पण एक बोट काढावं लागलं.

ताईंच्या मालकांना सात वर्षांपासून शुगर आहे. त्यांच्या गोळ्या, पथ्य, तपासणीची तारीख सगळं ताईच सांभाळत होत्या. स्वतःचं रक्त मात्र त्यांनी एकदाही तपासलं नव्हतं. "माझ्या आईला होती, पण मी अशी बारीक, दिवसभर रानात. मला कशी होईल?" असं त्या आम्हाला म्हणाल्या. आपल्यातल्या पुष्कळजणींना असंच वाटतं, म्हणून आज याच विषयावर बोलू.

आपण खातो त्या अन्नाची साखर होऊन रक्तात येते. रक्त म्हणजे पाट समजा आणि शरीर म्हणजे वाफे. पाटातलं पाणी वाफ्यात जायला कुणीतरी दारं धरावं लागतं. हे काम इन्शुलिन करतं. टाइप दोन मधुमेहात वाफ्याची तोंडं घट्ट होतात, दारं सहज उघडत नाहीत. इन्शुलिन तयार करणारं स्वादुपिंड जास्त राबतं आणि हळूहळू थकतं. मग साखर पाटातच तुंबते. वर्षानुवर्षं तुंबलेली साखर डोळे, मूत्रपिंड, हृदय आणि पायाच्या नसा खराब करते. नसा बधिर झाल्या की काटा लागलेलाही नीट कळत नाही.

हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. तरी एकाच घरात दोघा-तिघांना होतो. एक तर तो रक्ताच्या नात्यातून येतो. आई-वडिलांना असेल तर मुलांना धोका जास्त. दुसरं म्हणजे नवरा-बायकोचं रक्ताचं नातं नसलं तरी चूल एकच असते. जिला गरोदरपणात शुगर झाली होती, तिलाही पुढे धोका असतो. तिनं बाळंतपणानंतर दीड महिन्यानं आणि पुढे दर वर्षी तपासून घ्यावं.

आता बारीक असण्याबद्दल. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. आपली बाळं वजनानं कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं, असं त्यात दिसलं. म्हणजे हातपाय काटक्या असल्या तरी पोटाभोवती चरबी असू शकते. म्हणून वजनकाट्याबरोबर शिवणकामाची टेपही वापरा. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांच्या आत हवी. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत.

आता स्वयंपाकघरात येऊ. बहुतेक घरी दुखणेकऱ्याचं ताट वेगळं असतं. त्याला बिनसाखरेचा चहा, बाकीच्यांना गोड. बाई शेवटी जेवते आणि वाया जायला नको म्हणून उरलेला भात तीच संपवते. वेगळं ताट करण्यापेक्षा सगळ्यांचंच ताट बदलूया. अर्ध्या ताटात भाजी, पालेभाजी, कोशिंबीर. पाव भागात डाळ, उसळ किंवा अंडं. उरलेल्या पाव भागात भाकरी, पोळी किंवा भात. ज्वारी-बाजरी चांगलीच, पण तिचीही साखर होते, त्यामुळे भाकऱ्या मोजूनच. गूळही साखरच. उपवासाचा साबुदाणा आणि बटाटा तर साखर लवकर वाढवतात. गोळ्या चालू असतील तर उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचारा.

एक हिशेब करू. घरात चार माणसं, दोन वेळा चहा, प्रत्येक कपात दोन चमचे साखर. दिवसाला सोळा चमचे, म्हणजे साधारण ८० ग्रॅम. महिन्याला जवळजवळ अडीच किलो साखर नुसत्या चहात! दर महिन्याला अर्धा चमचा कमी केला तर कुणाच्या जिभेला कळणारही नाही.

रानातलं काम कष्टाचं आहेच, पण ते हंगामी असतं. हंगाम संपल्यावर अंग बसून राहतं. आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास झपाझप चालावं. रात्री जेवणानंतर शेजारणीला हाक मारून निघालं, तर गप्पाही होतात.

तहान फार लागणं, वारंवार लघवी, थकवा, जखम न भरणं, नाजूक जागी सारखी खाज येणं ही लक्षणं आहेत. खाजेबद्दल आपण लाजून बोलत नाही, पण आशाताईंना जरूर सांगा. अनेकींना तर काहीच लक्षण नसतं, म्हणून तपासणी हवी. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची साखर आणि रक्तदाब सरकारी उपकेंद्रात मोफत तपासतात. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असेल तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर. इथे ताट आणि चालणं सुधारलं तर आजार टळू शकतो, निदान लांबतो. १२६ किंवा जास्त आली तर डॉक्टर पुन्हा तपासून खात्री करतात. गोळ्या सुरू झाल्या तर बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका. कारल्याचा रस गोळीची जागा घेत नाही.

आमच्या गटानं आता एक नियम केला आहे. हप्त्याच्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढे एक रकाना वाढवला आणि त्यात तपासणीची तारीख लिहायची. पहिली तारीख पडली ती आमच्या त्या ताईंच्या लेकीची. तुमच्या पुढच्या बैठकीत टेप घेऊन या, कंबर मोजा आणि उपकेंद्रात जायचा दिवस ठरवा. मालकांना तपासायला नेलंत तर त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर तुम्हीही बसा आणि आपलंही बोट पुढे करा.