आई-बाबांना जपानला पाठवण्याआधी



पालघर, बोईसर आणि तारापूर पट्ट्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये काम करताना अलीकडे एक वाक्य आमच्या वारंवार कानावर येते : "बोधगया झाली, लुंबिनी झाली, आता एकदा जपान बघायचंय." बोलणारे बहुतेक साठी-पासष्टीचे असतात. कुणी तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रातून निवृत्त झालेले, कुणी रेल्वेतून, कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेतून, तर कुणी एमआयडीसीतल्या कायम नोकरीतून. भविष्य निर्वाह निधीची रक्कम आणि पासपोर्ट एकाच वेळी हातात असलेली त्यांच्या घरातली ही पहिलीच पिढी. त्याच एमआयडीसीत आयुष्य काढलेल्या कंत्राटी कामगाराच्या वाट्याला हे येत नाही, हे विसरून चालणार नाही. पण ज्यांना शक्य आहे त्यांनी जाऊच नये, असे म्हणणारे आम्ही नाही.

मुले-मुली मग इंटरनेटवर पॅकेज शोधतात. चाळीस माणसांची बस, सात दिवस, पाच शहरे आणि फुललेल्या साकुराचे फोटो. आमचे म्हणणे एवढेच की, आपल्या ज्येष्ठांसाठी असे पॅकेज घेऊ नका. आठ ते दहा जणांचा ओळखीचा गट करा, सोबत इंग्रजी नीट येणारे एक तरुण माणूस द्या, ठिकाणे निम्मी करा आणि निघण्याआधी दोन-तीन महिने तयारी करा. तयारी गुडघ्यांची हवी आणि मनाचीही. मनाच्या तयारीकडे कुणी बघत नाही, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

डोळ्यांपुढचा जपान आणि तिथला जपान

आपल्या ज्येष्ठांच्या मनात जपान म्हणजे 'बुद्धाचा देश'. यामागे कारणे आहेत. नागपूरच्या दीक्षाभूमीशी जोडलेले आणि महाबोधी महाविहाराच्या मुक्तीसाठी लढलेले पूज्य भंते सुरई ससाई मूळचे जपानी. कामठीचे ड्रॅगन पॅलेस जपानी दानातून उभे राहिलेले. वरळीचे जपानी बुद्धमंदिर तर ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणाऱ्या अनेकांनी पाहिलेले असते. त्यामुळे तिकडे गेलो की आपल्यासारखेच विहार, चीवर घातलेले भिक्खू आणि पाली वंदना भेटेल, असे त्यांनी गृहीत धरलेले असते.

प्रत्यक्षात काय दिसते? काळ्या वस्त्रातले पुरोहित, आणि त्यांतले बरेच विवाहित. मेइजी सरकारने १८७२ मध्ये भिक्खूंच्या विवाहावरची आणि मांसाहारावरची बंदी उठवली. तेव्हापासून तिथे विहार बऱ्याचदा बापाकडून मुलाकडे जातो. वंदना पालीत नसते. चिनी लिपीतली सूत्रे जपानी उच्चारात म्हटली जातात.

आणि सर्वात मोठा धक्का म्हणजे मूर्ती. बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती, बोन्तेन म्हणजे ब्रह्मा, ताइशाकुतेन म्हणजे इंद्र, कांगितेन म्हणजे गणपती. भारतातून महायान आणि वज्रयान चीनमार्गे जपानला पोहोचले तेव्हा या देवता धम्मरक्षक म्हणून सोबत गेल्या. शिंगोन पंथाच्या विहारांत 'गोमा' नावाचा अग्निविधी चालतो. हा शब्द आपल्या 'होम'चाच. ज्या बाईने बावीस प्रतिज्ञा घेऊन घरातले देव्हारे रिकामे केले, तिला क्योटोच्या विहारात सरस्वती दिसली की ती गोंधळणार किंवा दुखावणार. बसमधल्या चाळीस जणांत तिला हे समजावून सांगायला कुणाला वेळ नसतो. आधीच सांगितले, तर तीच बाई शांतपणे बघेल, हात जोडायचे की नाही ते स्वतः ठरवेल आणि परत येऊन विहारात चार जणींना सांगेलही. लाल कमानी दिसल्या की ते शिंतो देवस्थान, बौद्ध विहार नव्हे, हेही सांगून ठेवा. फुशिमी इनारीच्या प्रसिद्ध कमानींखालून डोंगर चढायची आपल्या मंडळींना काही गरज नाही.

ओळखीच्या खुणाही पुष्कळ आहेत. नाराच्या तोदाईजी विहारातला महाबुद्ध सुमारे पंधरा मीटर उंच आहे. इ.स. ७५२ मध्ये त्याचे डोळे उघडण्याचा विधी बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्खूच्या हातून झाला. आपल्या कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. तोच जपानमध्ये 'कान्नोन' होऊन गावोगावी भेटतो, अनेकदा स्त्रीरूपात. कान्हेरी पाहून गेलेल्या माणसाला तो तिथे परका वाटत नाही.

फुलांचे दिवस, आणि १४ एप्रिल

टोकियो आणि क्योटोत साकुरा साधारण मार्चच्या अखेरीपासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत फुलतो, आणि पूर्ण बहर जेमतेम आठवडाभर टिकतो. तो हल्ली लवकरही येऊ लागला आहे. २०२१ मध्ये क्योटोचा बहर २६ मार्चला आला; तिथल्या बाराशे वर्षांच्या नोंदींत इतका लवकर तो कधी आला नव्हता. म्हणून केवळ फुलांवर तारखा ठरवू नका.

आमच्या मते ८ एप्रिल हा दिवस दौऱ्यात असावा. आपण वैशाख पौर्णिमेला जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाण एकत्र मानतो. जपानमध्ये हे तीन दिवस वेगवेगळे आहेत : जन्म ८ एप्रिलला, संबोधी ८ डिसेंबरला, परिनिर्वाण १५ फेब्रुवारीला. ८ एप्रिलच्या 'हानामात्सुरी'ला, म्हणजे फुलांच्या सणाला, फुलांनी सजवलेल्या छोट्या मंडपात बालबुद्धाची मूर्ती ठेवतात आणि लहान-थोर पळीने तिच्यावर गोड चहा ओततात. आजी-आजोबांना यात कुणी काही समजावून सांगावे लागत नाही.

मग परतीची तारीख आपोआप ठरते. भीमजयंतीला घरी नाही, हे आपल्या ज्येष्ठांना चालणारच नाही. निम्मे लोक तर जयंती उत्सव समितीत असतात. २९-३० मार्चला निघून ११ एप्रिलपर्यंत परत यावे. हे दिवस महाग असतात, हॉटेले सहा-सात महिने आधी ठरवावी लागतात. पैसे कमी असतील तर जयंतीनंतर १६ ते २६ एप्रिलदरम्यान जा. क्योटोत फुले नसतील, पण गर्दी कमी आणि हवा उबदार असेल. २९ एप्रिलपासून मात्र तिथे सुट्ट्यांचा आठवडा लागतो. तो टाळाच.

कोयासान आणि गोसे

वाकायामा प्रांतातले कोयासान हे सुमारे ८०० मीटर उंचीवरचे विहारांचे गाव. कुकाई या आचार्यांना इ.स. ८१६ मध्ये ही जागा मिळाली. इथल्या कोयासान विद्यापीठात सप्टेंबर २०१५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. व्यावसायिक सहलींच्या यादीत हा पुतळा सहसा नसतो, आणि आपल्या माणसांसाठी तर तोच दौऱ्याचा मध्यबिंदू आहे. इथे विहारातच मुक्काम करता येतो. जेवण शुद्ध शाकाहारी असते आणि पहाटेच्या वंदनेला बसता येते. पण झोपायचे जमिनीवरच्या गादीवर, आणि एप्रिलच्या सुरुवातीला रात्री कडाक्याची थंडी. ज्यांना जमिनीवरून उठता येत नाही त्यांच्यासाठी पलंगाची खोली आधीच मागून घ्या. काही विहारांत ती मिळते.

कोयासानहून नाराकडे येताना गोसे हे गाव लागते. हे नाव कुठल्याही जाहिरातीत दिसणार नाही. जपानमध्येही जन्मावरून अस्पृश्य ठरवलेले लोक होते आणि त्यांचे वंशज आजही लग्नात, नोकरीत भेदभाव सोसतात. त्यांना बुराकुमिन म्हणतात. कातडी कमावणे, मेलेली जनावरे ओढणे, खाटिककाम ही त्यांच्यावर लादलेली कामे. वाचताना ओळखीचे वाटते ना? १८७१ मध्ये सरकारने कायद्याने हा दर्जा रद्द केला, पण समाजाने केला नाही. ३ मार्च १९२२ रोजी क्योटोत या लोकांनी 'सुइहेइशा', म्हणजे समतेची संघटना, स्थापन केली. महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधी. तिचा जाहीरनामा लिहिणारे साइको मान्किची गोसेतल्याच एका बुद्धविहाराच्या घरात जन्मलेले. आज तिथे सुइहेइशा संग्रहालय आहे.

आणि धम्माची बाजू? ती सुखाची नाही. जपानमध्ये मृत्यूनंतर विहाराकडून नवे धम्मनाव दिले जाते. बुराकुमिनांच्या मृतांना अनेक विहारांनी 'पशू' अशा अर्थाची अक्षरे घालून नावे दिली, आणि ती थडग्यांवर कोरली गेली. १९७९ मध्ये एका जागतिक धर्मपरिषदेत सोतो झेन पंथाच्या मोठ्या पदाधिकाऱ्याने जपानमध्ये असा भेदभाव नाहीच, असे सांगितले. बुराकू संघटनांनी जाब विचारल्यावर त्यांना शब्द मागे घ्यावे लागले, पंथाला स्वतःच्या नोंदी तपासाव्या लागल्या. बुद्धाचे नाव घेऊनही समाज विषमता पोसू शकतो, याचा हा पुरावा आहे. बाबासाहेबांनी धम्म देताना त्यात सामाजिक समतेचा आग्रह का धरला, हे गोसेत जाऊन आलेल्या माणसाला वेगळे समजावावे लागत नाही. काही कार्यकर्ते म्हणतील, म्हाताऱ्यांच्या सहलीत हे कशाला? ज्यांनी स्वतः वेगळा पाणवठा पाहिला आहे, त्यांना हे झेपणार नाही असे आपण का समजायचे?

आता गुडघे

नेहमीच्या जपान सहलीत दिवसाला दहा-पंधरा हजार पावले सहज होतात. म्हणून आम्ही सुचवतो की, आधी घरच्या जिल्ह्यात चाला. पहिली फेरी नालासोपाऱ्याची. सम्राट अशोकाचा आठवा शिलालेख जिथे सापडला, १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी 'बुरुड राजाचा कोट' खणून जिथला स्तूप आणि धातुकरंडक उजेडात आणला, ते सोपारा आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे. बोईसरच्या कितीतरी बौद्ध घरांतून अजून तिथे कुणी गेलेले नाही, आणि आम्हाला हे जपान न पाहण्यापेक्षा जास्त खटकते. जागा सपाट आहे. लोकलने जा, दिवसभर फिरा, कोण कुठे थकते ते बघा. दुसरी फेरी कान्हेरीची. तिथे चढ आणि दगडी पायऱ्या आहेत. कान्हेरीत ज्यांना मध्येच बसावे लागले, त्यांच्यासाठी क्योटोचे कियोमिझु वगळा आणि स्टेशनजवळची, सपाटीवरची दोन होंगान्जी विहारे ठेवा.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी. आपल्या पिढ्यांची जन्मतारीख शाळेत गुरुजींनी १ जून लावलेली असते आणि आधार, पेन्शन, पासपोर्टवर नावाचे स्पेलिंग तीन प्रकारचे असते. व्हिसाच्या अर्जाआधी हे जुळवून घ्या. औषधे एक महिन्यापुरतीच, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते, ते ठरावीक प्रमाणापुढे जपानमध्ये चालत नाही, डॉक्टरांना विचारा. रासायनिक कारखान्यात वर्षे काढलेल्यांना दमा असेल तर लक्षात ठेवा की फेब्रुवारी ते एप्रिल तिथे देवदारासारख्या सुगी झाडांचे पराग हवेत असतात. मास्क आणि इनहेलर हातातल्या पिशवीत असू द्या. प्रवास विमा घेताना जुने आजार त्यात धरले आहेत का, ते वाचून सही करा. घोलवडचे चिकू भेट म्हणून नेण्याची हौस घरीच ठेवा. ताजी फळे आणि मांसाचे पदार्थ विमानतळावर अडवतात. ज्या उपासिकांनी मांस-मासे सोडले आहेत त्यांना सांगा की, साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो. सुकट-बोंबिलावर वाढलेल्यांना त्याची चिंता नाही, त्यांना चिंता तिखटाची. कोरडी चटणी बरोबर द्या.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. तिथल्या सार्वजनिक गरम पाण्याच्या स्नानगृहांत सगळे विवस्त्र असतात, आणि अंगावर गोंदण असेल तर अनेक ठिकाणी प्रवेशच नाकारतात, कारण तिकडे गोंदण गुंडांच्या टोळ्यांशी जोडले गेले आहे. आपल्या आजीच्या हातावरचे गोंदण बघून तिला कुणी दारातून परत पाठवले तर तिला काय वाटेल? खोलीतच न्हाणीघर असलेली जागा घ्या.

मोठ्या बॅगा एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात पाठवणारी कुरिअर सेवा तिथे उत्तम आहे, ती वापरा. शिंकान्सेन मधल्या स्टेशनांवर एक-दोन मिनिटेच थांबते. दहा ज्येष्ठ आणि दहा बॅगा तेवढ्यात चढत नाहीत. सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येन झाला, त्यामुळे सावकाश फिरणाऱ्यांना सुटी तिकिटेच स्वस्त पडतात. या गाडीत बसल्यावर बोईसरचा माणूस गप्प बसणार नाही, हेही सोबत्याने ओळखून असावे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या बारा स्टेशनांत विरार आणि बोईसर आहेत. तंत्रज्ञान आणि कर्ज जपानचे, जमीन इथल्या शेतकरी-आदिवासींची. प्रश्न निघतील, चर्चा होऊ द्या.

पुढच्या वसंतासाठी गट करायचा असेल तर नावे याच पावसाळ्यात, वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला जमणाऱ्या मंडळींमधूनच काढा. दिवाळीपर्यंत पासपोर्ट, डिसेंबरात चैत्यभूमीहून येताना वरळीचे जपानी मंदिर, जानेवारीत सोपारा, फेब्रुवारीत कान्हेरी. व्हिसाचा अर्ज त्यानंतर.