‘ॲक्युलिआटा’ : डंखधारी कीटकांच्या नावाची ओळख

गेल्या हंगामात एका शेतकरी बंधूंच्या सूर्यफुलाच्या शेतावर जाण्याचा प्रसंग आला. बांधावरील आंब्याच्या ढोलीत सातेरी मधमाश्यांचे पोळे होते. मजुरास माशी ‘चावली’ म्हणून मालकांनी ढोलीत पेटता बोळा कोंबून ते जाळले होते. पीक ऐन फुलोऱ्यात होते. परागीभवन अपुरे झाल्यास सूर्यफुलात पोचट दाणे वाढतात, हे त्यांच्या ध्यानी आले नव्हते.

वास्तविक मधमाशी चावत नाही. ती डंख मारते. प्राणिशास्त्रज्ञांनी मधमाश्या, गांधीलमाश्या व मुंग्या यांच्या गटास ‘ॲक्युलिआटा’ हे नाव दिले आहे. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लात्रेय यांनी ते १८०२ साली योजिले. लॅटिन भाषेत ‘ॲकस’ म्हणजे सुई. त्यावरून ‘ॲक्युलिअस’, म्हणजे काटा किंवा नांगी, हा शब्द झाला; आणि ‘ॲक्युलिआटा’ म्हणजे नांगी असलेले.

ही नांगी मूळची शस्त्र नव्हे. ती अंडी घालण्याच्या नळीचे रूपांतर आहे. म्हणूनच या गटातील केवळ मादीच डंख मारू शकते, नर नव्हे. ऊस व कापसावरील अळ्यांच्या बंदोबस्तासाठी आपण ज्या ट्रायकोग्रामाची कार्डे लावतो, तो कीटक याच मोठ्या कुळातला. परंतु त्याची नळी अद्याप अंडी घालण्याचेच काम करते. विंचवासही नांगी असते, पण तो कीटक नसून कोळ्याचा आप्त आहे. त्यामुळे तो या गटात मोडत नाही.

नावात नांगी असली तरी गटातील प्रत्येक जीव आपला शत्रू नव्हे. भिंतीवर मातीचे घरटे बांधणारी कुंभारीण नांगीने अळ्यांना लुळे करते व आपल्या पिलांसाठी साठवून ठेवते. नांगी न मारणाऱ्या बारीक मधमाश्याही याच गटातल्या. त्यांची नांगी खुरटलेली असते.

कामकरी मधमाशीच्या नांगीस उलटे काटे असतात. ती कातडीत अडकून राहते आणि तिला जोडलेली विषाची पिशवी काही काळ विष सोडीत राहते. तिच्या गंधाने इतर माश्याही चवताळतात. म्हणून डंख होताच पोळ्यापासून दूर जावे, नांगी नखाने त्वरित खरवडून काढावी, जागा धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवावी. श्वास कोंडणे, चेहरा सुजणे, चक्कर येणे यांपैकी काही दिसल्यास किंवा पुष्कळ डंख झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ दवाखान्यात न्यावे.

ग्रामसेवक बंधूंनी ही माहिती गावोगावी सांगावी. पोळे वाटेवर असेल तर जाणत्या मधपाळाकडून ते हलवून घ्यावे, जाळू नये. पीक फुलोऱ्यात असताना औषध फवारणे शक्यतो टाळावे, आणि फवारावेच लागले तर माश्या परतल्यावर, सायंकाळी फवारावे. नांगीचे भय जरूर बाळगावे. परंतु त्या भयापोटी आपल्याच शेतातील मदतनीस मारू नयेत.