मुखाचा व घशाचा कर्करोग : उपचार अर्ध्यावर सोडू नका

मी काही वैद्य नव्हे. महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवणारा साधा अध्यापक आहे. तेव्हा 'या विषयावर बोलण्याचा ह्यांना काय अधिकार?' असे आपल्या मनात आले, तर ते योग्यच होय. माझा अधिकार एवढाच, की २०११ साली माझ्या थोरल्या चुलत्यांना, आमच्या आप्पांना, गालाच्या आतल्या बाजूस कर्करोग झाला, आणि त्यांनी विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही.

शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. मग किरणोपचार सुरू झाले. तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटले, भाकरीचा तुकडा गिळवेना, आणि गावाकडे मृग लागलेला. आप्पा म्हणाले, "बाळ, एकदा कापून टाकलंय ना? मग आता हे भाजून घ्यायचं कशापायी?" मी एम. ए. झालेला माणूस, पण गप्प बसलो. आप्पा पेरणीसाठी गावी गेले, ते उपचाराला परतलेच नाहीत. वर्षाच्या आत मानेत गाठ आली, आणि त्या गाठीनेच ते गेले.

त्यांचा तो प्रश्न मी नंतर जाणत्या डॉक्टरांना विचारला, त्यासाठी पुष्कळ वाचले. त्याचे उत्तर आज आपणापुढे ठेवतो. कारण हा प्रश्न एकट्या आप्पांचा नाही. खेड्यात दवाखान्याचा कागद हाती आला, की माणूस तो घेऊन शाळेत मास्तरांकडे जातो आणि विचारतो, "गुरुजी, ह्यात काय लिवलंय?" त्या वेळी गुरुजींना उत्तर येत असले पाहिजे.

प्रथम हा रोग कोठे होतो ते पाहू. ओठ, जीभ, गालाची आतली बाजू, हिरड्या, टाळू, टॉन्सिल, घसा, स्वरयंत्र, नाकामागील पोकळ्या व लाळेच्या ग्रंथी, एवढ्या भागांतील कर्करोगांना मिळून डोके व मान यांचे कर्करोग म्हणतात. मेंदूचा कर्करोग यात मोडत नाही. आपल्याकडे यांत तोंडाचा कर्करोग फार, आणि त्याचे मुख्य कारण आपण सर्वजण खिशात बाळगतो किंवा फडताळात ठेवतो : तंबाखू, गुटखा, मावा, बिडी आणि बायाबापड्यांची मशेरी. सुपारी एकटीसुद्धा निर्दोष नाही. तंबाखूच्या जोडीला दारू असली, तर धोका नुसता बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतो.

हा रोग उघड्या जागी होतो, म्हणून लवकर दिसतो. तोंडात न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्ण न उघडणे, न बसणारा घोगरेपणा, मानेतील न दुखणारी गाठ, यांपैकी काहीही तीन आठवड्यांहून अधिक राहिले, तर डॉक्टरांना दाखवावे. व्रण दुखत नाही म्हणून स्वस्थ बसू नये. आरंभी तो पुष्कळदा दुखतच नाही.

डॉक्टर पहिल्याने त्या जागेचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. येथेच बहुतेकांचे पाऊल अडते. "सुरी लागली की रोग पसरतो," अशी आपल्याकडे एक समजूत आहे. वाचकहो, ही समजूत खोटी आहे. तुकडा काढल्याने तोंडाचा कर्करोग पसरत नाही. तो पसरतो, तो तुकडा काढू न दिल्यामुळे वाया गेलेल्या महिन्यांत. आपण रोग पसरल्यावर सुरीपाशी जातो, आणि दोष मात्र सुरीला देतो! 'ह्याच्यानंतर ते घडले, म्हणून ह्याच्यामुळे घडले' असे म्हणणे ही तर्कातील फार जुनी चूक आहे.

तुकड्याचा निकाल आल्यावर सी. टी. किंवा एम. आर. आय. या यंत्रांनी चित्रे घेऊन रोगाची पायरी ठरवतात. पायऱ्या चार. गाठ केवढी, मानेच्या गाठींत रोग शिरला का, आणि शरीरात दूर कोठे गेला का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून पायरी ठरते. तोंडातील गाठ दोन सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे साधारण रुपयाच्या नाण्याएवढी असेल, फार खोल गेली नसेल आणि मान स्वच्छ असेल, तर ती पहिली पायरी. पहिल्या दोन पायऱ्यांवर बहुधा एकच उपचार पुरतो. पुढल्या पायऱ्यांवर दोन किंवा तीन उपचार एकमेकांच्या मदतीला घ्यावे लागतात. म्हणून शेजारच्याला जो उपचार दिला, तोच आपल्याला का दिला नाही, असे विचारू नये. त्याची पायरी वेगळी, आपली वेगळी.

आता उपचारांकडे वळू. ते मुख्यतः तीन : शस्त्रक्रिया, किरण आणि औषधे.

तोंडाच्या कर्करोगात पहिला मान शस्त्रक्रियेचा. शल्यविशारद गाठ तर काढतातच, पण तिच्या सभोवतालची सुमारे एक सेंटीमीटर निरोगी दिसणारी कडाही काढतात. दिसते तेवढे काढून भागत नाही. जबड्याचे हाड गेले, तर पायाच्या नळीशेजारचे बारीक हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसह आणून तेथे जोडतात. जिभेचा भाग गेला, तर मनगटाजवळच्या त्वचेने तो भरून काढतात. 'ऑपरेशन म्हणजे चेहरा कायमचा गेला' हे पूर्वी पुष्कळ अंशी खरे होते, आज तितके राहिलेले नाही.

मानेचे काय? या रोगाची पहिली धाव मानेतील गाठींकडे असते. मान हाताला स्वच्छ लागत असेल, तरी त्या गाठी आधीच काढाव्यात की दिसल्यावर काढाव्यात, हा वाद जगभर वर्षानुवर्षे चालला होता. त्याचा निकाल आपल्या मुंबईत लागला, हे अभिमानाने सांगण्यासारखे आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील डॉक्टरांनी तोंडाच्या आरंभीच्या कर्करोगाचे रुग्ण दोन गटांत विभागून पाहिले आणि पाचशे रुग्णांचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध केला. मानेच्या गाठी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढलेल्या गटात तीन वर्षांनी शंभरातील ८० जण हयात होते. वाट पाहिलेल्या गटात ६७.५. म्हणजे दर शंभरांत बारा-तेरा माणसांचे प्राण केवळ 'आधी की नंतर' या एका निर्णयावर अवलंबून होते. तेव्हा डॉक्टर म्हणाले, की मानेलाही छेद द्यावा लागेल, तर 'मान तर चांगली आहे' असा हट्ट धरू नये.

आता किरण, म्हणजेच आप्पांचा प्रश्न. शेतकरी बंधूंना मी हरळीची आठवण देतो. वरून हरळी कापली, शेत स्वच्छ दिसले, म्हणून काय ती संपते? जमिनीत काशा राहतात. आपण खोल नांगरतो, उन्हात ढेकळे तापू देतो, काशा वेचतो, तेव्हा कोठे रान साफ होते. शस्त्रक्रिया ही नांगरट. गाठ मोठी असेल, मानेच्या गाठींत रोग सापडला असेल, कडा पुरेशी स्वच्छ मिळाली नसेल, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी मागे राहिल्या असण्याचा संभव असतो. किरण त्यांच्यासाठी. कापले ते दिसत होते म्हणून, आणि किरण द्यायचे ते दिसत नाही म्हणून. त्या दिवशी हे एवढे मला सांगता आले असते, तर!

शस्त्रक्रियेनंतरचे किरण साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत. ते आठवड्यातून पाच दिवस, असे सहा ते सात आठवडे चालतात. रोज डोके हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवतात. किरण घेताना दुखत नाही. रोज थोडे थोडे देण्याचे कारण असे, की निरोगी पेशी रात्रीतून आपली डागडुजी करतात, रोगट पेशींना ते तितके साधत नाही. मात्र मध्येच पंधरा दिवस खंड पडला, तर उरलेल्या रोगट पेशी पुन्हा जोमाने वाढू लागतात, आणि आधी घेतलेल्या किरणांचा फायदा हातचा जातो. म्हणून या उपचारात खंड हा मोठा शत्रू.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येते, चव जाते, लाळ आटते, कातडी काळवंडते. हा रोग वाढल्याचा पुरावा नव्हे. किरण संपल्यावर काही आठवड्यांत तोंड भरून येते. चव हळूहळू परतते. कोरडेपणा मात्र पुष्कळांचा बराच काळ राहतो. त्या दिवसांत मऊ भात, पेज, दूध, अंडे, वरणाचे पाणी घ्यावे. मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने वरचेवर गुळण्या कराव्यात. गिळवत नसेल, तर नाकातून नळी घालून अन्न देतात. त्या नळीला घाबरू नये. ती काही दिवसांची पाहुणी असते, आणि तिच्यामुळे उपचार पुरा होतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. किरण सुरू होण्यापूर्वी दात तपासून घ्यावेत. किडके दात काढायचे असतील तर आधी काढावेत व जखम भरू द्यावी. किरण लागलेल्या जबड्याचे हाड नंतर लवकर भरून येत नाही. पुढे कितीही वर्षांनी दात काढण्याची वेळ आली, तरी दंतवैद्याला 'मला किरण दिले आहेत' हे आवर्जून सांगावे.

तिसरा उपचार औषधांचा. तोंडाचा कर्करोग केवळ सलाईनमधल्या औषधांनी सहसा बरा होत नाही. औषध किरणांचा जोर वाढवते. यांतील प्रमुख औषध सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनम धातूचे संयुग आहे. १९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ जंतूंवर विजेचा काय परिणाम होतो ते पाहत होते. जंतूंची विभागणी थांबली, पण ती विजेने नव्हे, तर विजेच्या पट्ट्यांतून सुटलेल्या प्लॅटिनममुळे, असे त्यांना आढळले. त्या निरीक्षणातून हे औषध निघाले. विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

घशाच्या बाबतीत औषध व किरण यांनी मोठीच कामगिरी केली. पूर्वी स्वरयंत्राचा रोग वाढला, की स्वरयंत्र काढण्यावाचून गत्यंतर नसे. १९९१ साली अमेरिकेतील निवृत्त सैनिकांवरील एका चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : आधी औषध व मग किरण दिलेल्या गटात जवळजवळ दोन-तृतीयांश रुग्णांचे स्वरयंत्र वाचले, आणि आयुष्यमानही शस्त्रक्रियेच्या गटाएवढेच राहिले. सर्वांना हे लागू पडत नाही. स्वरयंत्राचे कूर्चाच पोखरले गेले असेल, तर ते काढणेच हिताचे ठरते. पण काढले तरी माणूस मुका होत नाही. श्वासनलिका व अन्ननलिका यांमध्ये लहानशी झडप बसवून पुन्हा बोलता येते.

रोग उलटला किंवा फार पसरला, तर काय? तेव्हाही 'आता काही नाही, घरी न्या' एवढेच उत्तर राहिलेले नाही. शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागे करणारी नवी औषधे आली आहेत, पण ती फार महाग. टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी त्यांतील एक औषध नेहमीच्या मात्रेच्या लहानशा अंशाने, रोज घ्यावयाच्या स्वस्त गोळ्यांच्या जोडीने देऊन पाहिले. अशा कठीण रुग्णांपैकी एक वर्षानंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण शंभरात १६ वरून ४३ वर गेले, असे त्यांनी २०२३ साली छापून आलेल्या लेखात दाखवले. हे रोग निपटणे नव्हे, पण घरात लेकीचे लग्न असेल, तर हा काळ थोडा नाही. आणि जेथे हेही शक्य नसते, तेथे वेदना कमी करणे हाही उपचारच आहे.

पैशाचा प्रश्न मी टाळत नाही. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली ठरलेल्या रुग्णालयांत कर्करोगाची शस्त्रक्रिया, किरण व औषधे विनाशुल्क मिळण्याची सोय आहे. रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे, शिधापत्रिका व आधार बरोबर न्यावे. जमीन गहाण टाकण्यापूर्वी एवढी चौकशी अवश्य करावी. आणि तंबाखू त्याच दिवशी सोडावी. किरण चालू असताना धूम्रपान केले, तर किरणांचा परिणाम उणावतो, आणि बरे झाल्यावरही दुसऱ्या जागी नवा कर्करोग उद्भवू शकतो. सोडवत नसेल, तर १८०० ११ २३५६ या विनामूल्य क्रमांकावर सल्ला मिळतो.

उपचार संपले म्हणजे सारे संपले असेही नाही. रोग उलटायचा असेल, तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. म्हणून त्या काळात दर एक-दोन-तीन महिन्यांनी, सांगतील त्या दिवशी, दाखवायला जावे. तोंड उघडण्याचे, मान व खांदा फिरवण्याचे व्यायाम रोज करावेत.

शिक्षक बंधु-भगिनींना शेवटी एकच सांगणे. पुढे कोणी आपल्याकडे कागद घेऊन आले, तर त्यात किरणांच्या किती बैठका लिहिल्या आहेत ते प्रथम पाहा. तीस असतील तर तीस. तो आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्याच्याकडून खुणा करून घ्या. पेरणीचे दिवस असतील, तर चार घरांना सांगून त्याचे रान पेरून द्या. रान दुसऱ्याला पेरता येते. किरण मात्र ज्याचे त्यालाच घ्यावे लागतात.

आमच्या आप्पांचे रान त्या वर्षी चांगले पिकले होते. ते पेरून द्यायला गावात माणसे होती. मी एक शब्द टाकायला हवा होता.