फोटोंची कणगी

माठ घ्यायला गेलं की टिचकी मारून, आवाज ऐकून मगच तो घरी आणतात. हार्ड डिस्कही अशीच वाजवून घ्यावी लागते, फक्त त्याला अडीच दिवस लागतात. 4 टीबीची नवी डिस्क आली की मी लिनक्समधला ‘बॅडब्लॉक्स’ हा जुना प्रोग्रॅम तिच्यावर सोडतो. तो अख्खी डिस्क एका नमुन्याने भरतो, परत वाचून पडताळतो, मग दुसरा नमुना घेतो. असे चार नमुने, म्हणजे आठ फेऱ्या, आणि फेरीला सात-आठ तास. शेवटी डिस्क स्वतःबद्दल ज्या नोंदी ठेवते त्या उघडायच्या आणि दोन आकडे बघायचे : किती सेक्टर, म्हणजे डेटाचे कप्पे, बदलावे लागले आणि किती संशयात आहेत. दोन्हीकडे शून्य हवं. आमच्या चार डिस्कपैकी एकीने तिसऱ्याच फेरीत आठ संशयित दाखवले. पावती घेऊन मी त्याच संध्याकाळी दुकान गाठलं.

घरातले फोटो, कॅसेटवरून उतरवलेलं आईबाबांचं लग्न, पॉलिसीचे कागद हे सगळं एका जागी ठेवणारी आणि राउटरवाटे प्रत्येक फोनला, टीव्हीला हाताशी असणारी पेटी म्हणजे ‘नास’. आई तिला ‘मोठी डिस्क’ म्हणते, आणि तेच खरं नाव. डिस्क आणि त्यांना जागं ठेवायला जोडलेला एक किरकोळ कॉम्प्युटर, एवढाच तो प्रकार. तरी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पाय ठेवला की पहिला प्रश्न येतो, “प्रोसेसर कुठला?” माझ्या मते तो शेवटचा प्रश्न. घरातली साधी गिगाबिट केबल सेकंदाला फार तर 125 एमबी नेते आणि आजची एकटी डिस्क सहसा त्याहून वेगाने वाचते. अडथळा तारेत आहे. इंटेलचा 2023 मधला एन100, चार कोअरचा, कागदोपत्री 6 वॉटचा, फाइली वाढायला पुरून उरतो. रॅम 8 जीबी पुरे. दवाखान्याचे किंवा हिशेबाचे कागद ठेवणार असाल तर मात्र चूक ओळखून सुधारणारी ईसीसी रॅम घेणारा बोर्ड शोधा. एन100 ती कांडी घेत नाही. मी घरच्या फोटोंसाठी तिच्याशिवाय भागवलं.

खरा पैसा डिस्कवर घालवावा, आणि तिथेच फसगतही होते. डिस्कचे दोन वाण आहेत. सीएमआरमध्ये पट्टे शेजारीशेजारी असतात. एसएमआरमध्ये ते छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. इंग्रजी नावही कौलांवरूनच आलंय. जागा वाचते, डिस्क स्वस्त पडते. पण मधलं एक कौल बदलायचं तर वरच्या ओळी उचलाव्या लागतात, तसं इथे एक पट्टा बदलायला अख्खा पट्टा-समूह पुन्हा लिहावा लागतो. एक डिस्क मेली आणि तिच्या जागी अशी कौलारू डिस्क बसवली, की बाकीच्या डिस्कवरून सगळा डेटा तिच्यावर उतरवताना ती इतकी रेंगाळते की कधीकधी यंत्रणा तिलाही मेलेलं समजून बाहेर काढते. 2020 मध्ये खास नाससाठी विकलेल्या काही डिस्क आतून एसएमआर निघाल्या आणि खोक्यावर तसा शब्द नव्हता. बोंबाबोंब झाल्यावर याद्या जाहीर झाल्या. म्हणून मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून घ्यायचा.

अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधायची कल्पना बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कात्झ या तिघांनी 1988 च्या निबंधात मांडली. त्या कल्पनेचं नाव ‘रेड’, आणि त्यातला ‘आय’ मुळात स्वस्त या अर्थाचाच. घरी मला दोन डिस्कचं साधं आरसापद्धतीचं रेड पसंत आहे, एकीवर तेच दुसरीवर. निम्मी जागा जाते, पण गणित सकाळी अर्धवट झोपेतही कळतं.

आता एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटबरोबर आलेला हलका एसएमपीएस इथे चालत नाही. डिस्क फिरू लागताना 12 व्होल्टच्या तारेवर काही सेकंद दोन अँपिअरपर्यंत ओढते, म्हणजे चार डिस्कना शंभराच्या आसपास वॉट. मग प्रत्येक डिस्क पाच-सहा वॉटवर उतरते. मोलेक्स या जुन्या जोडणीतून डिस्कची साटा जोडणी काढणारी ओतीव प्लास्टिकची स्वस्त पिन टाळा. ती आतल्या आत शॉर्ट होऊन जळू शकते.

“जुना ऑफिसचा पीसी फुकट मिळतोय” असं माझा मामेभाऊ म्हणाला होता. चोवीस तास 70 वॉट खाणारा पीसी वर्षाला 613 युनिट घेतो, 30 वॉटची पेटी 263. युनिटला दहा रुपये धरले तर फुकटचा पीसी दरवर्षी साडेतीन हजार जास्त मागतो.

लाइट जाते तेव्हाची कथा वेगळी. घरच्या इन्व्हर्टरवर भरवसा ठेवून मी दोन महिने काढले. मेन्सवरून बॅटरीवर जाताना त्याला लागणारा क्षण पंख्याला कळत नाही, कॉम्प्युटरला कळतो आणि तो रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’चं बटण असेल तर ते आधी दाबा, तरी मधे एक लहान यूपीएस ठेवाच. यूएसबी पोर्ट असलेला घ्या, म्हणजे बॅटरी संपत आली की तोच पेटीला सांगतो आणि ती नीट बंद होते.

पेटीची जागाही चुकली होती माझी. स्लॅबखालचा माळा, मे महिना, डिस्क 52 अंशांवर. आता पेटी पुस्तकांच्या कपाटाच्या खालच्या खणात आहे. मागचं प्लायवूड कापलंय, 120 मिमीचा पंखा सावकाश फिरतो, डिस्क मिनिटाला 5400 फेऱ्यांच्या आहेत. रात्री त्यांची कुरकुर ऐकायला कान लावावा लागतो.

आरसा असला तरी पुसलेला फोटो दोन्हीकडून पुसला जातो. म्हणून उरलेल्या दोन डिस्क आळीपाळीने नाशिकला ताईकडे जातात : मे महिन्याच्या सुट्टीत, राखीपौर्णिमेला, भाऊबीजेला. गेल्या भाऊबीजेला ती डिस्क चकलीच्या डब्याखाली ठेवली होती. ताईने डबा उघडला, डिस्क तशीच पिशवीत राहिली, आणि मी ती पुन्हा पुण्याला घेऊन आलो.