नसलेल्या नावाचा पत्ता

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला आपल्याच कामाची परीक्षा घेणारे छोटे प्रोग्रॅमही लिहावे लागतात. त्यांना आम्ही टेस्ट म्हणतो. माझी अशी एक टेस्ट ऑफिसात दर वेळी पास होई आणि घरी दर वेळी नापास. कोड तोच, लॅपटॉपही तोच. टेस्टची अपेक्षा साधी होती: अस्तित्वातच नसलेल्या संकेतस्थळाचे नाव दिले, तर प्रोग्रॅमने 'असे नाव नाही' म्हणावे. घरी मात्र तो बिनदिक्कत म्हणे, सापडले!

पहिली रात्र मी स्वतःच्या कोडवर संशय घेण्यात घालवली. ती वाया गेली.

संगणक एकमेकांना आकड्यांच्या पत्त्यांनी गाठतात. नावे आपल्या सोयीसाठी. अर्पानेटच्या काळात सगळ्या नावांची एकच यादी कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संस्थेत, एलिझाबेथ फाइनलर यांच्या गटाकडे असे आणि बाकीचे ती उतरवून घेत. यादी वाढली, तशी ही रीत अपुरी पडू लागली. १९८३मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी हे काम अनेक सर्व्हरांत वाटून देणारी डीएनएस ही व्यवस्था मांडली. तिच्यात प्रत्येक उत्तरासोबत एक सांकेतिक आकडा येतो. ० म्हणजे सारे ठीक. ३ म्हणजे असे नावच नाही. हा ३ म्हणजे बिघाड नव्हे, ते पूर्ण उत्तर आहे. पोस्टमन पाकिटावर 'या नावाचे येथे कोणी राहत नाही' असा शेरा मारून पत्र परत करतो, तसे. पत्र परत आले, म्हणूनच आपल्याला पत्ता चुकल्याचे कळते.

दुसऱ्या रात्री मी कोड बाजूला ठेवला आणि 'डिग' ही आज्ञा वापरून नेमसर्व्हरलाच थेट विचारले. कीबोर्डवर बोटे आपटून तयार झालेले एक नाव दिले. उत्तर ०, सोबत एक पत्ता. दुसरे निरर्थक नाव दिले; पुन्हा तोच पत्ता. मग शेवटी '.इनव्हॅलिड' लावून पाहिले. हे शेपूट १९९९पासून राखीव आहे, ते कधीच कोणाला मिळायचे नाही. तरीही तोच पत्ता! तो ब्राउझरमध्ये उघडला, तर जाहिरातींनी भरलेले शोधपान. हाच प्रश्न दुसऱ्या एका सार्वजनिक नेमसर्व्हरला विचारला, तेव्हा निमूट ३ आला. म्हणजे राउटर निर्दोष होता. घरी इंटरनेट पुरवणारी कंपनी प्रत्येक 'नाही'च्या जागी आपले दुकान उभे करत होती.

हे नवे नव्हते. १५ सप्टेंबर २००३ रोजी .कॉम आणि .नेट यांची नोंदवही सांभाळणाऱ्या व्हेरिसाइनने नेमके हेच साऱ्या जगासाठी केले. 'साइट फाइंडर' नावाखाली त्या दोन शेपटांची न नोंदलेली नावे व्हेरिसाइनच्याच पानाकडे वळू लागली. पाठवणाऱ्याचे डोमेन खरे आहे का, एवढे पाहून बनावट ईमेल अडवणाऱ्या यंत्रणा एका रात्रीत निकामी झाल्या, कारण आता प्रत्येक डोमेन 'खरे' होते. ओरड झाली, नेमसर्व्हरचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी तोडगे काढले, आयकॅनने तंबी दिली आणि ४ ऑक्टोबरला तो प्रकार बंद पडला. चुकीचे नाव टाइप करणाऱ्याला मदत, हे त्याचे समर्थन मला कधीच पटलेले नाही. ब्राउझरपुढे माणूस बसलेला असतो, पण नाव विचारणाऱ्या बहुतेक प्रोग्रॅमांपुढे कोणीच बसलेले नसते.

मी राउटरमध्ये नेमसर्व्हर बदलला. काही कंपन्या बाहेर निघालेला प्रश्नही वाटेतच अडवतात. माझ्या नशिबी तेवढे नव्हते. पण दोष माझाही होता. माझ्या कोडची परीक्षा घेणाऱ्या टेस्टने परक्या सर्व्हरच्या सचोटीवर विसंबायलाच नको होते. आता तिच्यात एक खोटा नेमसर्व्हर बसवला आहे, तो हुकमी ३ देतो. खऱ्या नेटवर्कवर चालणाऱ्या टेस्ट वेगळ्या काढल्या आणि त्यांच्याआधी एक तपासणी घातली: दर वेळी नवे निरर्थक नाव विचारायचे आणि पत्ता मिळालाच, तर 'हे नेटवर्क खोटे बोलते' असे छापून थांबायचे.

मागच्या महिन्यात एका हॉटेलात ते वाक्य पडद्यावर उमटले. लॉगिन होईपर्यंत तिथले वायफाय प्रत्येक नावाला आपलाच पत्ता देत होते. खोलीचा नंबर टाकला आणि टेस्ट पुढे सरकल्या.