‘जवळ’ म्हणजे नक्की कशाच्या जवळ? दुकानाचा संबंध-तक्ता भरताना

दुकानाच्या अंतर्गत रचनेवर संशोधन करणार असाल, तर अ‍ॅडजेसन्सी मॅट्रिक्स तुम्हाला भरावीच लागेल. तयार कपड्यांचं साधं दुकान घ्या: प्रवेशद्वार, कपड्यांची मांडणी, ट्रायल रूम, कॅश काउंटर, ऑल्टरेशन, गोदाम आणि कर्मचाऱ्यांची खोली. भाग सात, पण जोड्या होतात २१. प्रत्येक जोडीबद्दल प्रश्न एकच: हे दोन भाग किती जवळ हवेत?

उत्तरासाठी आपण बहुधा रिचर्ड म्युथर यांची अक्षरं वापरतो. त्यांचं ‘सिस्टिमॅटिक लेआउट प्लॅनिंग’ १९६१ साली आलं. ‘ए’ म्हणजे जवळ हवंच. ई, आय, ओ अशी गरज कमी होत जाते. ‘यू’ म्हणजे फरक पडत नाही. आणि ‘एक्स’ म्हणजे लांबच ठेवा. त्यांच्या तक्त्यात अक्षराखाली कारणाचा आकडाही लिहायचा असतो. विद्यार्थी नेमका तोच रकाना सोडून देतात. मग गाइडनी विचारलं, “इथे ‘ए’ का?” की उत्तर येतं, “असंच असतं ना सर!”

कारण का लिहायचं? कारण ही पद्धत मुळात कारखान्यांसाठी आहे. दुकानात मालाबरोबर गिऱ्हाईकही चालतं, आणि बघतंसुद्धा. ट्रायल रूम आणि ऑल्टरेशन ही सोपी जोडी: पँट अंगावर असतानाच उंचीची खूण करायची असते, म्हणून ‘ए’. आता प्रवेशद्वार आणि गोदाम बघा. बाजारपेठेतल्या अनेक दुकानांना मागचं दार नसतं, सगळा माल पुढूनच येतो. मालाच्या दृष्टीने ‘ए’. पण आत येणाऱ्याला खोक्यांचा ढीग दिसू नये, म्हणून नजरेच्या दृष्टीने ‘एक्स’.

इथे सरासरी काढून ‘ओ’ लिहिलंत, तर हा सगळा झगडाच पुसला जातो. त्यापेक्षा तीन तक्ते करा: चालण्याचा, नजरेचा आणि मालाचा. जिथे अक्षरं भांडतात, तिथे थांबा आणि प्रत्यक्ष दुकानात जाऊन बघा. कदाचित माल दुकान उघडण्याआधीच येत असेल. म्हणजे जे भिंतीने साधत नाही ते वेळेने साधलं! मालक आणि सेल्समन यांनाही वेगवेगळं विचारा. दोघांची अक्षरं जुळली नाहीत तर घाबरू नका, दोन्ही नोंदवा.

तक्ता पूर्ण भरला म्हणजे विश्लेषण झालं असं नाही. ही न जुळणारी घरं आधी वेगळी काढा. तुमचा संशोधन-प्रश्न बहुतेक त्यांतच असतो.